मुराळ्याची मारुती

गिरधरभाऊंच्या हातात लग्नपत्रिका द्यायची तर यजमानाने मन घट्ट करून द्यावी. मुलाचं नाव, मुलीचं नाव, मुहूर्त, पंगत, यातलं काही ते आधी वाचत नाहीत. आधी पत्रिकेचा कोपरा जिभेला लावतात. मग तो ओला कोपरा उजेडात धरतात, एक डोळा मिटतात आणि निकाल देतात, "साइझिंग कच्चं आहे. फुटणार." समोर मुलीचा बाप हात जोडून उभा असतो. त्याला वाटतं, लग्नच फुटणार.

माणूस वाईट नाही. सारी उमर कागदाच्या मिलमध्ये गेली, त्याला तो तरी काय करणार? वडील रावेरकडून मिलच्या नोकरीला इकडे आले, त्यांच्यामागे हे लागले. कागदावर शाई पसरू नये, पाणी आत मुरू नये म्हणून लगद्यात राळ आणि तुरटी घालतात, त्याला साइझिंग म्हणायचं. गिरधरभाऊ त्या राळेच्या कढयांपाशी उभे राहून म्हातारे झाले. निवृत्त होऊन बुऱ्हाणपुरात घर बांधलं, पण डोक्यातली मिल काही सुटली नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत : राळ लावलेल्या, आणि राळ लावायच्या राहिलेल्या.

तर या माणसाकडे एक पांढरी मारुती आहे. मिलमधल्या एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्याच्याकडून घेतलेली, जुनी, तीन प्लगांची. पांढरी म्हणायची ती आपली रीतीपुरती. तीन प्लगांचं इंजिन म्हणजे तीन भावांचं घर. तिघं राबले तर गाडा सुरळीत, एकाने अंग काढून घेतलं की उरलेल्या दोघांची नुसती धापा टाकत ओढाताण. मिस्त्री लोक याला गाडी मिसिंग मारते म्हणतात. गिरधरभाऊंची गाडी मिसिंग मारायची ती अशी की समोरच्या घरातल्या ज्योत्स्नाच्या फडताळातल्या बरण्या वाजायच्या. ज्योत्स्ना गच्चीवर पापड घालायला येते ती पापडासाठी कमी आणि खालच्या अंगणात काय चाललंय ते पाहायला जास्त. ती म्हणायची, "काकूऽ, काका आले वाटतं. माझं लोणचं हाललं."

मिसिंगचं मूळ कुठं होतं ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं फक्त गिरधरभाऊंना वाटायचं.

झालं असं की दोन पावसाळ्यांमागे प्लगांत पाणी गेलं आणि गाडी भर बाजारात बसली. प्रत्येक प्लगावर वायरीची एक रबरी टोपी घट्ट बसते, तिच्यातून करंट येतो. त्या टोपीत ओल शिरली की कारभार आटोपला. दुसरा कुणी असता तर त्याने टोप्या पुसून वाळवल्या असत्या, फार तर नव्या वायरी टाकल्या असत्या. गिरधरभाऊंनी विचार केला, जी राळ कागदाला पाणी लागू देत नाही, ती रबराला लागू देईल? मिलमधून निघताना आठवण म्हणून आणलेला राळेचा मोठा खडा माळ्यावर होताच. बायको, म्हणजे यमुनाकाकू, देवळात गेल्याचं पाहून त्यांनी त्यातला तुकडा काकूंच्या दुधाच्या पातेल्यात वितळवला आणि तिन्ही टोप्यांमध्ये मधासारखा ओतला. वर टोप्या दाबून बसवल्या. मग पातेलं घासून जागच्या जागी ठेवलं आणि हात झटकून मोकळे झाले. पुढे महिनाभर त्या घरच्या चहाला धुपाचा वास येत होता. पिणारे प्रसाद म्हणून प्यायले.

पाणी मात्र पुन्हा शिरलं नाही, हे मान्य केलं पाहिजे. फक्त टोप्याही पुन्हा निघाल्या नाहीत. इंजिन तापलं की राळ पातळ होऊन कानाकोपऱ्यात जायची, गार झालं की दगड. आत प्लग काळेठिक्कर पडत चालले आणि वरून कुलूप बसलेलं. मागच्या वर्षी राजघाटाकडच्या गोटू मिस्त्रीला दाखवली, तर त्याने एका टोपीला हात घातला, बोटाला लागलेलं पिवळं हुंगलं आणि मागे सरकला.

"काका, ये क्या शहद डाल के रखा है?"

"तू तुझं काम कर ना बाबा."

"काम नई होगा. जोर लगाया तो वायर तुटेल. प्लग तुटला तर अंदरच राहील, फिर इंजिन का पूरा हेड उतारो. या गाडीत तेवढी जान नाही, काका. ऐसेच चलाओ, नई तो भंगार में देव."

भंगार हा शब्द गिरधरभाऊंच्या असा वर्मी लागला की त्यांनी गोटूशी बोलणं टाकलं. पण गाडीचा खरा घोर त्यांना गाडीसाठी नव्हता. तो होता मालूबाईंसाठी.

मालूबाई म्हणजे त्यांची थोरली बहीण, धूलकोटला दिलेली. केळीचा मळा, कापूस, सुना-नातवंडं, सगळं भरलेलं घर. पण तापीच्या या काठी अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि आखाजी असते सासुरवाशिणींची. भाऊ मुराळी होऊन बहिणीच्या दारात जातो, तिला माहेरी आणतो. घागर भरायची, पुरणपोळी न् आमरस खायचा, झोक्यावर बसायचं, सासरच्यांना हळूच दोन शिव्या द्यायच्या. मालूबाईंची सत्तरी उलटली, सासरच्यांत शिव्या द्यायला आता त्यांच्याहून मोठं कुणी उरलं नाही. तरी आखाजीला मुराळी यायलाच हवा. आधी वडील जायचे, मग गिरधरभाऊ, आणि गाडी आल्यापासून गाडीतून. मालूबाईंना दुसऱ्या कोणत्याही गाडीत उलटी होते, ही एकच काय ती त्यांच्या पोटाला मानवते, अशी दोन्ही घरांत ठाम समजूत.

मागच्या आखाजीला मारुती वाटेतल्या निंबोल्याच्याही पुढे जाईना. गिरधरभाऊ परत फिरले, बसने धूलकोटला गेले आणि मालूबाईंना घेऊन थांब्यावर आले. बहिणीचे गुडघे तेव्हा पार गेलेले. बसच्या पायरीवर पाय चढेना. वरून कंडक्टर ओढतोय, खालून भाऊ ढकलतोय, आतले प्रवासी सल्ले देतायत. मालूबाई हात सोडवून खाली उतरल्या.

"सोडा मले! मी काय केळीचा घड आहे का, ओढून चढवाले?"

बस गेली. भाऊ पुढच्या बसने एकटाच परतला. लग्न झाल्यापासून मालूबाईंची ती पहिली आखाजी सासरी गेली. फोनवर त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "असू दे रे भाऊ." त्या चिडल्या असत्या, रागावल्या असत्या, तर गिरधरभाऊंना सोसलं असतं. 'असू दे' हे त्यांना सोसलं नाही. त्यानंतर कित्येक दिवस ते पत्रिकासुद्धा चाटून पाहत नव्हते.

यंदा आखाजी जवळ आली तसा भाच्याचा, अरविंदचा, फोन आला. "मामा, तुमी टेन्शनच मत घ्या. मी आईला बोलेरोत बसवतो न् सीधा तुमच्या दारात सोडतो. दोन गोळ्या देऊन टाकू उलटीच्या."

मागून मालूबाईंचा आवाज आला, "मुराळ्याबिगर कोन जातं रे माहेरी? मी काय पार्सल आहे का?" आणि मग फोन त्यांनीच हातात घेतला. "गिरधर, येशील तर गाडी घेऊन ये. नाही तर उगी बशीत हाल करून घेऊ नको. आता काय, किती आखाज्या राहिल्या आपल्या."

गिरधरभाऊंनी फोन ठेवला, तडक जाऊन प्लग आणि वायरींचा नवा संच आणला आणि आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी अंगणात मारुतीचं बॉनेट उघडलं.

खाली पोतं अंथरलं, त्यावर पाने, पकड ओळीने मांडले. सायकलच्या पंपाने प्लगांभोवतीची धूळ उडवली, म्हणजे आत कचरा जायला नको. इथवर सारं शास्त्रशुद्ध. आणि इंजिन? इंजिन रात्रभर विसावलेलं, थंडगार. कारण मिलचा नियम, गरम मशीनला हात लावायचा नाही. आता राळ गार असताना दगड होते हे ज्या माणसाने जन्मभर पाहिलं त्याला ते या घडीला आठवू नये, याला काय म्हणावं? पण नियम नियमाच्या जागी, डोकं डोक्याच्या जागी.

पहिली टोपी त्यांनी बोटांनी ओढली. मग फडक्याने धरून ओढली. मग पकडीने. मग एक पाय बंपरवर रोवून, दात ओठ खाऊन.

गच्चीवरून ज्योत्स्ना म्हणाली, "काका, दाढ काढून राहिले का?"

"तू तुझे पापड पाहा!"

"पापड वाळतात आपले आपण. तुमचं काही वाळताना दिसत नाही."

गिरधरभाऊंनी रागाच्या भरात एक हिसका दिला. वायर हातात आली आणि ते पोत्यावर पाने, पंप, सगळ्यासकट बसले. वायर आली, टोपी जागेवरच. तुटक्या तोंडाने आभाळाकडे पाहत बसलेली. लागलं नव्हतं. पण आता गाडी मिसिंग मारतसुद्धा चालू होणार नव्हती, आणि उद्या आखाजी होती.

ज्योत्स्नाने वरून नुसतं हाताने काकूंना खुणावलं.

यमुनाकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, वायरीकडे पाहिलं, इंजिनात वाकून पाहिलं.

"निघत नाही का?"

"नाही."

"राळ घातल्यावर कशी निघेल?"

गिरधरभाऊंनी मान वर केली. "कोण म्हणालं राळ?"

"माझं पातेलं म्हणालं. अहो, दोन वर्षं झाली, मी रोज त्यात दूध तापवते. तुम्ही घासून ठेवलं होतं ते काय, वरून! बुडाला पिवळा थर तसाच होता. राखेनं गेला नाही, काथ्यानं गेला नाही. शेवटी मंद आचेवर पातेलं गरम केलं, तेलाचा बोळा फिरवला, तर सायीसारखा निघाला."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही चोरून केलं होतं ना? मग चोरूनच राहू दिलं. तेवढी मौज तुम्हाला असावी."

गच्चीवर कुणीतरी फुसकन हसलं. गिरधरभाऊंनी तिकडे लक्ष दिलं नाही. "पण मशीन गरम करायचं नसतं," ते हळूच म्हणाले.

"मशीन गार पाहिजे, राळ गरम पाहिजे. मशीनचं ऐकायचं का राळेचं ते ठरवा. मी तोवर मीठ तापवते."

काकूंचा गुडघा दुखतो. तव्यावर जाडं मीठ भाजायचं, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि शेक द्यायचा, हा त्यांचा रोजचा उद्योग. तीच पुरचुंडी त्या दिवशी मारुतीला लागली. एक पुरचुंडी शेजारच्या धड टोपीवर, दुसरी तव्यावर, गार झाली की अदलाबदल. काकू चुलीपासून अंगणात आणि अंगणातून चुलीपाशी, गिरधरभाऊ बॉनेटमध्ये वाकून टोपीला शेकतायत, "बरं वाटतंय का?" एवढंच विचारायचं बाकी. गल्लीतून जाणारी माणसं थांबून पाहत होती. ज्योत्स्ना वरून सांगत होती, "सांधेदुखी आहे. वय झालं ना तिचं."

थोड्या वेळाने रबराच्या कडेला पिवळा घाम फुटला. काकूंनी तेलाचा बोळा पुढे केला. गिरधरभाऊ ओढायला लागले तशी त्यांनी हातावर चापट मारली.

"ओढता काय! कासार बांगडी ओढतो का? फिरवा. अलीकडे, पलीकडे, गोंजारत."

गिरधरभाऊंनी टोपी फिरवली. थोडी इकडे, थोडी तिकडे. आत कुठेतरी चुर्र झालं आणि टोपी अशी हातात आली की त्यांना क्षणभर खरंच वाटेना. दुसरीही तशीच आली. वायर तुटलेल्या त्या टोपीला मात्र धरायला काही उरलेलं नव्हतं, ती शेकून मऊ केली आणि ब्लेडने उभी चिरून केळाच्या सालीसारखी सोलून काढली.

आता प्लग. पहिले दोन प्लगपान्याने कुरकुरत का होईना निघाले. काजळीने असे माखलेले की त्यांच्यात ठिणगी पडत होती हेच नवल. तिसरा, तोच तो तुटक्या टोपीखालचा, जागचा हलेना. काकूंनी पुन्हा शेकलं, तेल सोडलं. नाही. गिरधरभाऊंनी पान्यावर जोर दिला तसा पाना वाकल्यासारखा झाला. त्यांनी हात काढून घेतला. गोटूचं बोलणं कानात होतं. प्लग आत तुटला की हेड उतरवायचं, आणि तेवढी जान या गाडीत नाही.

काकू म्हणाल्या, "राहू द्या आता. मालूआक्काला मी समजावते फोनवर."

"ती समजेल," गिरधरभाऊ म्हणाले. "तेच तर नको आहे."

मग ते ताठ उभे राहिले. कपाळ पुसलं. आणि तिथे एक निराळाच माणूस उभा राहिल्यासारखा दिसला, मशीन हाऊसमधला, शिफ्ट सुरू असतानाचा. राळेच्या चिकट कढयांचे जाम झालेले बोल्ट त्याने जन्मभर सोडवले होते. हे मात्र त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. जाम बोल्टाला सोडायला गेलं की तो हट्टाला पेटतो. त्याला आधी कसायचं. केसभर. त्याला वाटतं आपलंच खरं झालं, आणि तिथे तो सैल पडतो.

त्यांनी पाना उलटा फिरवला. घट्ट करायच्या बाजूने, अगदी जरासा.

कट्!

"गेला!" ज्योत्स्ना किंचाळली. काकूंनी डोळे मिटले.

गिरधरभाऊंनी पाना सोडायच्या बाजूने वळवला. प्लग फिरला. कुरकुरत, रडतकढत, पण फिरला. त्यांनी तो बाहेर काढून हातात धरला, अख्खा, आणि इतक्या प्रेमाने त्याच्याकडे पाहिलं की काकू म्हणाल्या, "आता जिभेला लावू नका म्हणजे झालं."

पुढचं काम सोपं होतं. नवे प्लग आधी नुसत्या बोटांनी फिरवत बसवले, आटे वाकडे जायला नकोत म्हणून, आणि मग पान्याने बेताने आवळले. ज्या प्लगाची वायर त्याच्याच जागी, लांबी जोखून. टोप्या दाबल्या तसा प्रत्येकीने टक्क आवाज देऊन हुंकार भरला. राळेचा उरलेला खडा काकूंनी तेवढ्यात माळ्यावरून उतरवून कुठे नाहीसा केला, ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

चावी फिरवली. गाडी सुरू झाली आणि गल्ली थबकली. खडखडाट नाही, धापा नाहीत. तिन्ही भाऊ एका ताटात जेवायला बसल्यासारखे.

"काका," ज्योत्स्ना वरून म्हणाली, "चालू आहे का बंद?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच धुतलेला सदरा घालून, डोक्याला टोपी लावून मुराळी निघाला. धूलकोटला पोचला तेव्हा मालूबाई ओट्यावरच बसल्या होत्या. नवं लुगडं, शेजारी पिशवी, पिशवीवर हात. डोळ्यांना हल्ली कमी दिसतं, म्हणून त्या रस्त्याकडे कान लावून होत्या. गाडी दारात येऊन थांबली तरी त्या हलल्या नाहीत. गिरधरभाऊ समोर येऊन पाया पडले तेव्हा दचकल्या.

"कशात आला रे?"

"गाडीत."

"कोनाच्या?"

"आपल्या. कोणाच्या म्हणजे?"

"खोटं नको बोलू. आपली गाडी फाट्यापासून ऐकू येते. ही तर मांजरावानी आली. भाड्याची आणली ना?"

गिरधरभाऊंनी शपथ घेतली. प्लग सांगितले, वायरी सांगितल्या, मिठाचा शेक सांगितला. अरविंदने येऊन साक्ष दिली. मालूबाईंनी ऐकून घेतलं, आणि विश्वास न बसल्यासारखी मान हलवून काठी टेकत उठल्या.

"जाऊ दे. भाड्याची तर भाड्याची. न्यायला आला ना? चल."

गिरधरभाऊ जागच्या जागी उभे. "म्हणजे? भाड्याच्या गाडीत चाललं असतं?"

"न चालाले काय झालं?"

"आणि उलटी?"

"ती अरविंदच्या गाडीत होते. तो रस्ताभर मले समजावत असतो. हे खाऊ नको, तिथं जाऊ नको. त्यानं मळमळतं."

अरविंद घरात निघून गेला. गिरधरभाऊ म्हणाले, "आक्का, मग मागच्या वर्षीच का नाही बोललीस? मी वर्षभर... काल दिवसभर मी त्या इंजिनात..."

"तू इचारलं काबरं नाही? मले वाटलं तुलेच ही गाडी सोडवत नाही. म्हनलं, भावाचा जीव आहे तिच्यात, काबरं बोलू?"

गिरधरभाऊंनी पुढचं दार उघडलं. मालूबाईंनी आधी बूड टेकवलं, मग एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, मांडीवर पिशवी ठेवली आणि काच पूर्ण खाली करून घेतली. सून पाण्याची बाटली घेऊन धावत आली. "आत्याबाई, गोळ्या ठेवल्या का? पोचल्यावर फोन करा. संध्याकाळी मी करते."

"करू नको," मालूबाई म्हणाल्या.

"काबरं?"

"मी माहेरी चालले." त्यांनी पदर डोक्यावरून नीट ओढला आणि समोर रस्त्याकडे पाहत भावाला म्हणाल्या, "काढ रे गाडी, नाहीतर हिले अजून काहीतरी आठवंल."